ध्वनिमुद्रणासाठी लिनक्स डिस्ट्रो कसं निवडावं

गाणारा हेडफोन लावून माइकसमोर उभा राहतो आणि त्याचाच आवाज त्याला किंचित मागून ऐकू येतो. हा उशीर, म्हणजे लेटन्सी, 10 मिलीसेकंदांच्या पुढे गेला की बऱ्याच जणांची लय डळमळते. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा बसवायला तयार संच, निवडताना आधी बघायचं ते हेच.

हिशेब सोपा आहे: बफरमधली (आवाज तात्पुरता साठवायच्या जागेतली) सॅम्पल्स, म्हणजे आवाजाची मोजमापं, गुणिले पिरियड (असे किती बफर), भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल्स). 128 सॅम्पल्स, 2 पिरियड आणि 48,000 हर्ट्झ धरले तर 5.3 मिलीसेकंद होतात. यूएसबी इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) बहुधा 3 पिरियड मानवतात, मग तोच आकडा 8 वर जातो. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेळ त्यावर वेगळा.

नवख्याने सरळ उबुंटू स्टुडिओची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती घ्यावी. रिअल-टाइम परवानग्या (आवाजाच्या कामाला सगळ्यांत आधी प्रोसेसर मिळण्याची मुभा), पाइपवायर (आवाज इकडून तिकडे नेणारी यंत्रणा), आर्डर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) सगळं लावूनच येतं. जुन्या लॅपटॉपवर एव्ही लिनक्स हलकं पडतं. फेडोरा जॅममध्ये सॉफ्टवेअर ताजं मिळतं, पण साधारण वर्षभरात पुढच्या आवृत्तीवर जावंच लागतं. चालू अल्बमच्या मधोमध ते नको वाटतं. एकदा बसवून वर्षानुवर्षं हात लावायचा नसेल तर डेबियन उत्तम, मात्र परवानग्या स्वतः द्याव्या लागतात.

बहुतेक जण अडकतात ते इथेच. नाव 'ऑडिओ' गटात घातलं, तरी त्या गटाला rtprio (रिअल-टाइम प्राधान्य) 95 आणि memlock (मेमरी अडवून ठेवायची मर्यादा) अमर्याद दिलेलं नसेल तर उपयोग शून्य. डेबियनवर जॅक (पाइपवायरसारखीच आवाजाची यंत्रणा) बसवताना रिअल-टाइम प्राधान्याबद्दल प्रश्न येतो, त्याला 'हो' म्हणा. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा, नाहीतर बदल लागूच होत नाही.

आरटी, म्हणजे रिअल-टाइम, कर्नलच्या (वेळ काटेकोर पाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याच्या) मागे लगेच धावू नका. 2024 मधल्या 6.12 पासून तो कोड मूळ कर्नलमध्येच आला आहे. 128 च्या बफरला साधा कर्नल 'थ्रेडआयआरक्यूज' (threadirqs) आणि 'प्रीएम्प्ट=फुल' (preempt=full) या बूट पर्यायांसह सहसा पुरतो. शिवाय एनव्हिडियाचा मालकी ड्रायव्हर आरटी कर्नलवर सुखासुखी बसत नाही.

बसवण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवर, म्हणजे डिस्ट्रो न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवून, चाचणी घ्याच. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा, मध्ये हब नको. जो इंटरफेस आयपॅडवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो, तो इथेही बहुधा चालतो. बफर 128 वर आणा, आर्डरमध्ये आठ ट्रॅक रेकॉर्डिंगला लावा आणि टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यू-टॉप' (pw-top) चालवून ठेवा. त्यातल्या 'ईआरआर' (ERR) स्तंभावर नजर हवी. सुरुवातीला एकदोन आकडे चढले तर चालेल, पण वीस मिनिटांत ते वाढतच राहिले तर तेवढे एक्सरन झाले, म्हणजे तेवढ्या ठिकाणी 'टक्' आवाज येणार. मग वाय-फाय बंद करून पुन्हा बघा, सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर टाका, यूएसबी पोर्ट बदला. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे खोट कुठे आहे ते कळतं. एवढं करूनही थांबलं नाही तर 256 वर जा आणि गाणाऱ्याला इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता इंटरफेसमधूनच थेट आवाज) द्या.

शेवटी आउटपुट 1 मधून इनपुट 1 मध्ये एक केबल लावा आणि आर्डरचं कॅलिब्रेशन (उशीर मोजून भरून काढणं) चालवा. ते केलं नाही तर नवा ट्रॅक आधीच्या ट्रॅकच्या मागे बसतो, आणि दोष गाणाऱ्याला लागतो.