स्टेजजवळ उभं राहायचंय? मग या चुका टाळा

लाइव्ह संगीताच्या कार्यक्रमात स्टेजसमोरच्या बॅरिकेडवर (लोखंडी कठड्यावर) दोन्ही हात टेकवून उभं राहायचं आणि गिटारवादकाची बोटं तारांवरून सरकताना उघड्या डोळ्यांनी बघायची, या एका सुखासाठी मी तासन्‌तास रांगेत उभा राहिलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ही जागा पहिलं गाणं सुरू होण्याआधीच ठरून गेलेली असते. नंतर धक्काबुक्की करून जे हाती लागतं ते टिकत नाही, आणि आजूबाजूच्या दहा जणांची संध्याकाळ मात्र खराब होते.

तिकीट घेताना नकाशा न पाहणं

‘स्टँडिंग’ हा शब्द वाचून लोक तिकीट काढतात आणि आत गेल्यावर कळतं, की पुढच्या भागासाठी वेगळा रिस्टबँड लागतो. स्टेजसमोर किती कप्पे आहेत, मधे रॅम्प (गर्दीत शिरणारी स्टेजची लांब पट्टी) आहे का, साउंड कन्सोल (आवाज जुळवण्याचं टेबल) कुठे आहे, हे आधी बघा. रॅम्प असेल तर तो आणि मुख्य स्टेज यांच्यामधला कोपरा उत्तम, कारण गायक दोन्हीकडून जवळ येतो. मोठ्या मैदानांवर कधीकधी गर्दीच्या मधोमध दुसरं बॅरिकेड असतं. त्याला टेकून उभं राहिलात, तर लगेच पुढे कोणी नसतं आणि नजर थेट स्टेजपर्यंत जाते. पहिल्या कप्प्यात शेवटच्या रांगेत चेंगरण्यापेक्षा मला ही जागा केव्हाही जास्त आवडते.

गेटवर वेळ घालवणं

मोठी बॅग घेऊन गेलात की तपासणीत अडकलात, आणि तेवढ्यात शंभर जण तुमच्या पुढे गेले. शक्य असेल तर खिशात मावेल तेवढंच न्या. गेटपाशी हजारो फोन एकाच टॉवरवर असल्याने नेटवर्क कोलमडतं, म्हणून तिकीट घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा. काही तिकिटांवरचा कोड सतत बदलत राहतो. अशा तिकिटांचा स्क्रीनशॉट चालत नाही.

थेट मधोमध धावणं

आत शिरल्यावर प्रत्येक जण नाकासमोर धावतो. साहजिकच मध्यभाग आधी भरतो, तिथेच सर्वात जास्त दाब येतो, आणि बाजूला, विशेषतः गेटपासून लांबच्या बाजूला, पहिली-दुसरी रांग बराच वेळ मोकळी असते. स्टेजच्या एका कडेसमोर तुम्ही आरामात बॅरिकेड गाठू शकता. बाजूला उभं राहिलं तर समोरचं चित्र थोडं तिरकं दिसतं, एवढाच तोटा.

आवाजाचंही असंच आहे. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा मारा बराचसा पुढच्या लोकांच्या डोक्यावरून मागे जातो. अगदी पुढे मधोमध ऐकू येतात ते ड्रम्स आणि जमिनीवरच्या सबवूफरचा छातीत घुमणारा खर्ज. गाण्याचे शब्द तिथे कधीकधी पुसट होतात. शब्द न्‌ शब्द ऐकायचा असेल तर साउंड कन्सोलजवळ उभं राहा, कारण इंजिनिअर तिथूनच ऐकून आवाज जुळवत असतो.

मुख्य कलाकार आल्यावर घुसणं

त्या क्षणी सगळेच पुढे सरकतात आणि फट उरत नाही. आधीच्या कलाकाराचा कार्यक्रम संपला, की पुष्कळ लोक पाण्यासाठी, टॉयलेटसाठी बाहेर पडतात. पुढे जायचं तर तेव्हा, कडेने, एकटं किंवा दोघांनी. हात धरून सहा जणांची साखळी घुसवली की लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. ‘मित्र पुढे उभा आहे’ असं खोटं सांगू नका. समोर उंच माणूस आला तर अर्धं पाऊल सरकून दोन खांद्यांमधल्या फटीतून बघा.

दाब वाढतोय हे न ओळखणं

ही चूक जिवावर बेतते. 3 डिसेंबर 1979 रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ‘द हू’ या रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी दारापाशी चेंगरून 11 जणांचा जीव गेला. 30 जून 2000 रोजी डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’ हा बँड वाजवत असताना 9 जणांचा जीव गेला. 5 नोव्हेंबर 2021 रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड संगीत महोत्सवातल्या चेंगराचेंगरीत 10 जीव गेले. अशा गर्दीत माणसं बहुतेकदा तुडवली जाऊन मरत नाहीत. छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, फुप्फुसांना फुगायला जागा उरत नाही आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली, तर अजून हलता येतं. पाच-सहाच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे: हात वर करून चेहरा पुसता येत नसेल, किंवा मनात नसताना पाय सरकत असतील, तर ताबडतोब बाहेर निघा. मुठी बॉक्सरसारख्या छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका. ती ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेने सरका. ओरडून दम घालवू नका. शेजारी कोणी पडलं तर सगळं सोडून आधी त्याला उचला. बॅरिकेडपाशी असाल तर पलीकडच्या सुरक्षा रक्षकाकडे हात करा, ते वरून उचलून बाहेर काढतात. आपली जागा जाईल या विचाराने थांबून राहू नका.

चक्करही इथेच येते. गुडघे ताठ ठेवून तासभर उभे राहू नका, मधूनमधून हलवत राहा आणि आधीपासून थोडं थोडं पाणी घ्या.

इअरप्लग न नेणं

85 डेसिबल आवाज आठ तास सोसतो, पण आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. हिशेब केला तर 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात, आणि स्पीकरसमोर हा आकडा सहज ओलांडला जातो. संगीतासाठीचे इअरप्लग सूर न बिघडवता आवाज खाली आणतात.

शेवटचं गाणं संपल्यावर लगेच दाराकडे धावू नका. पाच-दहा मिनिटं बॅरिकेडपाशीच थांबा. गर्दी विरळ होते, आणि स्टेज आवरणारी माणसं कधीकधी जमिनीला चिकटवलेला गाण्यांच्या यादीचा कागद सोडवून समोर उभ्या असलेल्याच्या हातात देतात.