जुनी मसल कार घेताय? बोनेट शेवटी उघडा

मसल कार म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी. १९६४ ते १९७२ दरम्यानची फोर्डची मस्टँग किंवा शेव्हरलेची शेव्हेल, कॅमेरो बघायला गेलं की विकणारा आधी बोनेट उघडतो आणि व्ही-८ चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, आवाज ऐकवतो. जरूर ऐका, मलाही तो आवाज फार आवडतो. पण त्यावर सौदा ठरवू नका. या गाड्यांत कंपन्यांनी इंजिनासाठी हात सैल सोडला होता. काटकसर झाली ती पत्र्यात, रंगात आणि पाणी निचरायच्या वाटांत. क्रायस्लरने १९६३ च्या मॉडेलांपासून ५ वर्षं किंवा ५०,००० मैलांची हमी दिली, तीही इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल एवढ्यापुरतीच. शिवाय बहुतेक गाड्यांच्या मैलमापकात पाचच आकडे असतात. काट्यावर ४०,००० दिसले तर ते १,४०,००० असू शकतात.

मी डेट्रॉइटजवळ राहते. इथे बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याने पत्रा गंजतो, त्यामुळे माझी तपासणी पत्र्यापासूनच सुरू होते. सोबत लोहचुंबक, टॉर्च, जॅक आणि एक तांब्या पाणी ठेवते.

तांब्या मस्टँगसाठी. एप्रिल १९६४ मध्ये ती २,३६८ डॉलरला बाजारात आली. एवढी स्वस्त पडली, कारण अंगाखाली साधी फॅमिली कार फाल्कनच होती. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घ्यायची जाळी आहे आणि तिच्याखाली वेल्डिंगने बंद केलेला पत्र्याचा डबा. त्याच्या आत गंजरोधक रंग जेमतेमच पोचलेला असे. जाळीतून पानं पडतात, कुजतात, ओल धरून ठेवतात आणि डबा आतून सडतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून विकणाऱ्याची परवानगी घ्या, पुढच्या पायांखालचा गालिचा उचला, एकाला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बसवा आणि जाळीत हळूहळू पाणी ओता. आत थेंब आला तर किंमत तिथेच खाली आणा. डबा दुरुस्त करायचा म्हणजे असंख्य स्पॉट वेल्ड (ठिपक्याएवढे वेल्डिंगचे जोड) उकलावे लागतात, मजुरी पत्र्याच्या कितीतरी पट होते.

याच गाडीची डिकी उघडून चटई बाजूला करा. पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्राच डिकीचा तळ आहे. एक पत्रा वाचला, पण टाकी आणि माणसं यांच्यात मागच्या सीटपलीकडे फारसं काही उरलं नाही. टाकीच्या कडेचे स्क्रू आणि सील नीट बघा.

व्हिनाइलचं छप्पर असेल तर मी जास्त सावध होते. खाली रंगाचं काम अनेकदा अर्धवटच सोडलेलं असे, आणि शिवणीतून गेलेलं पाणी तिथेच मुरतं. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर बोट दाबा. फुगवटे लागले तर पत्रा गेलेला आहे. शेव्हेलमध्ये तेच पाणी पुढे डिकीत उतरतं. चाकांच्या वरच्या कमानींवर चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

मग गाडीखाली जा. शेव्हेल आणि पाँटियाक जीटीओच्या कूपेंना (दोन दारांच्या, पक्क्या छपराच्या गाड्यांना) चॅसीच्या बाजू उघड्या, इंग्रजी ‘सी’सारख्या दिल्या होत्या, बंद पेटीसारखी मजबूत चॅसी छप्पर उघडणाऱ्या कन्व्हर्टिबलला मिळाली. मस्टँगला वेगळी चॅसीच नाही, तिथे पुढच्या चाकामागे जॅक लावून दार उघडा-मिटा. दार अडू लागलं किंवा फट बदलली तर खालचा सांगाडा कमजोर झालाय. १९६७ च्या कॅमेरोला मागच्या स्प्रिंगमध्ये एकेकच पाटा आहे. जोरात सुटताना चाकं उड्या मारतात. नंतर कुणी जादा पाटे बसवले असतील तर चांगलंच.

स्वस्त म्हणजे सरसकट वाईट, असं मात्र मी मानत नाही. १९६८ ची प्लायमाउथ रोड रनर २,८९६ डॉलरची. गालिच्याऐवजी रबराची चटई, साधी बाकासारखी सीट, पण सस्पेन्शन आणि ३८३ घन इंचांचं इंजिन दणकट. काटकसर योग्य जागी केली तर गाडी टिकते.

आता बोनेट. शेव्हरले, पाँटियाक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या अनेक व्ही-८ मध्ये टायमिंगच्या (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडवणाऱ्या) मोठ्या चक्राला नायलॉनचे दात आहेत. तो बदल आवाज कमी करण्यासाठी होता. पण वयानुसार दात तुटून तेलाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं. बदलल्याची पावती नसेल तर ते काम खर्चात धरा.

शेवटी इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबर-धातूचे आधार. १९६५ ते १९७० च्या शेव्हरलेंमध्ये माउंटचं रबर धातूपासून सुटायचं, इंजिन उचललं जायचं आणि ॲक्सिलरेटर ओढला जायचा. १९७१ च्या अखेरीस सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. उपाय काय केला, तर नवा माउंट न देता इंजिन अडवणारी एक तार! ती तार जागेवर आहे का बघा. ऑटोमॅटिक असेल तर जाणकाराला ब्रेक दाबून, गिअर टाकून अगदी थोडा ॲक्सिलरेटर द्यायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. ड्रायव्हरच्या बाजूने इंजिन वर उचललं गेलं तर रबर सुटलेलं आहे. सुटलं तरी दोन्ही भाग एकमेकांत अडकून राहतील असे नवे माउंट मिळतात. ते बसेपर्यंत गाडी चालवत नेऊ नका, ट्रेलरवर न्या.