कॉम्बी बॉयलर आणि कोमट पाणी : या चुका टाळा

कॉम्बी बॉयलर म्हणजे घर उबदार ठेवणं (हीटिंग) आणि नळाला गरम पाणी देणं, ही दोन्ही कामं करणारा गॅस बॉयलर. त्याच्या तक्रारीचं वाक्य ठरलेलं असतं : "बॉयलर बिघडलाय, पाणी तापतच नाही." बॉयलरचं कव्हर उघडण्याआधी मी दहा लिटरची बादली मागतो. ती गरम पाण्याच्या नळाखाली ठेवायची, नळ पूर्ण सोडायचा आणि मोबाइलवर वेळ मोजायची. बादली एका मिनिटात भरली, तर नळातून मिनिटाला दहा लिटर पाणी येतंय. मग थर्मामीटर घेऊन थंड आणि गरम, दोन्ही पाण्यांचं तापमान बघायचं. निम्म्या तक्रारींचा उलगडा इथेच होतो.

कॉम्बीत गरम पाण्याचा साठा नसतो. नळ सोडला की पाणी आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (पातळ पत्र्यांचा ठोकळा, पत्र्याच्या एका बाजूने हीटिंगचं गरम पाणी, दुसऱ्या बाजूने नळाचं) जाता जाता तापतं, त्यामुळे हिशेब सरळ आहे. 24 किलोवॅटचा बॉयलर पाण्याचं तापमान 35 अंशांनी वाढवत असेल, तर मिनिटाला साधारण पावणेदहा लिटर देतो. त्यापेक्षा जास्त मागितलं की पाणी कोमट येणारच. थंडीत येणारं पाणी 5 अंशांवर गेलं, की उन्हाळ्यात व्यवस्थित चालणारा तोच बॉयलर 'बिघडतो'. दोन शॉवर एकदम चालवायचे असतील तर हे गणित खरेदीच्या आधी करा. नंतर प्लंबरशी भांडून किलोवॅट वाढत नाहीत.

दुसरी चूक दाबाची. गच्चीवरच्या टाकीतून पाणी देऊन कॉम्बी चालवायला जातात. पण दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, म्हणजे टाकी बॉयलरच्या दोन मीटर वर असेल तर जेमतेम 0.2 बार. बऱ्याच बॉयलरना पूर्ण प्रवाहासाठी एक बारच्या आसपास दाब लागतो. प्रवाह मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या खाली गेला तर फ्लो सेन्सर, म्हणजे पाणी वाहतंय का ते ओळखणारा भाग, बॉयलर पेटवतही नाही. अशा ठिकाणी प्रेशर पंप लावावा लागतो. दाब मोजताना नळ चालू ठेवा. बंद नळावर गेज तीन बार दाखवतो आणि नळ सोडताच अर्ध्यावर येतो, तेव्हा खरा आकडा दुसरा.

पाइप जाड घेतला की पाणी जास्त मिळतं, हा समज थंड पाण्याच्या लाइनला बराचसा लागू पडतो, गरम पाण्याच्या लाइनला नाही. 15 मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपमध्ये मीटरमागे सुमारे 0.15 लिटर पाणी मावतं, 22 मिलिमीटरमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. बाथरूम बारा मीटर लांब असेल तर जाड पाइपमधलं जवळपास चार लिटर गार पाणी आधी वाहून जातं. म्हणून बॉयलर बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या जवळ बसवा, गरम लाइन आखूड आणि बारीक ठेवा, तिच्यावर इन्सुलेशन चढवा. गरम पाणी सतत फिरतं ठेवणारा पंप मात्र बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असल्याशिवाय लावू नका. फ्लो सेन्सरला नळ उघडाच आहे असं वाटतं आणि बॉयलर पुन्हा पुन्हा पेटत राहतो.

आता माझा आवडता घोळ. एका घरी पाणी कोमट येतं म्हणून आधीच्या माणसाने बॉयलरचा सर्किट बोर्ड बदलला होता. तरी पाणी कोमटच. मी बॉयलरखालचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गरम नळ सोडला. पाणी थांबायला हवं होतं, ते वाहतच राहिलं. म्हणजे थंड पाणी दुसरीकडून गरम लाइनमध्ये घुसत होतं. शोधलं तर बाथरूममधल्या हँड शॉवरच्या टोकाला बंद करायचं बटण होतं. घरचे ते दाबून पाणी थांबवत आणि भिंतीवरचा मिक्सर तसाच उघडा सोडत. त्या मिक्सरमधून थंड आणि गरम लाइन एकमेकींना मिळाल्या होत्या. मिक्सर बंद केला, पाणी कडक आलं. बोर्डाचे पैसे गेले ते गेले.

पाणी गरम-गार-गरम होत असेल तर दोन कारणं आधी बघा. पहिलं, उन्हाळ्यात काम फार थोडं पडतं. बॉयलरची किमान ताकद 7 किलोवॅट असेल आणि येणारं पाणी 25 अंश असेल, तर 40 अंशांच्या शॉवरला मिनिटाला पावणेसात लिटर तरी वाहायला हवं. त्याखाली बॉयलर विझतो, पुन्हा पेटतो. सेटिंग 60 ठेवून वर थंड पाणी मिसळलं तर गरम बाजूचा प्रवाह आणखी घटतो. सेटिंग 42-45 ला आणा आणि गरम नळ मोकळा सोडा. दुसरं कारण क्षार. जड पाण्यात ते प्लेटवर बसतात, बॉयलरमधून किटलीसारखा आवाज येतो. यावर एक्स्चेंजर साफ करणं किंवा बदलणं हाच उपाय, पण सेटिंग कमी ठेवल्याने क्षार बसतातही हळू.

फक्त गरम नळाची धार बारीक झाली असेल तर थंड पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा. नव्या लाइनमधला कचरा तिथेच अडकतो. बॉयलर जोडण्याआधी पाइप भरपूर पाणी सोडून धुतले असते तर ही वेळ आली नसती, पण त्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते. थंड पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) असेल तर तापून फुगणाऱ्या पाण्यासाठी छोटी एक्स्पान्शन टाकी द्या, नाहीतर नळ बंद झाल्यावर दाब अडकून चढतो.

नळ कुठलाच चालू नसताना हीटिंगचा दाब आपोआप चढून तीन बारला सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल, तर आधी हीटिंगमध्ये पाणी भरायचा व्हॉल्व्ह नीट बंद आहे का ते बघा. तो बंद असूनही चढत असेल तर प्लेट एक्स्चेंजरला आतून भोक पडलेलं असू शकतं. तिथून पुढे, आणि गॅसच्या बाजूचं काहीही, परवानाधारक माणसाचं काम.