कोन्याच्या कराताय मदरशात फरशा कशा पाहाव्यात

तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात सेल्जुक या तुर्की राजघराण्याचा वजीर जलालुद्दीन करातायने 1251 मध्ये बांधलेला मदरसा आज चिनी मातीच्या फरशांचं संग्रहालय आहे. बहुतेक लोक थेट काचेच्या कपाटांकडे वळतात, आणि तिथेच चूक होते. आधी घुमटाखालच्या हौदापाशी थांबा. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं द्या, मग वर बघा: गर्द निळ्या-काळ्या पार्श्वभूमीवर गुंफलेले तारे. घुमट पेलणाऱ्या कोपऱ्यांतल्या त्रिकोणांवर पैगंबरांची आणि चार खलिफांची नावं आहेत. ती वाचायला छोटी दुर्बीण हवीच.

नंतर बेयशेहिर तळ्याकाठच्या कुबादाबाद राजवाड्याच्या उत्खननातल्या फरशा पाहा. आठकोनी ताऱ्यांच्या मधल्या फटीत क्रुसाच्या आकाराची फरशी बसते, ती जुळणी आधी नजरेत भरू द्या. धातूची झाक असलेल्या फरशा समोरून नुसत्या तपकिरी दिसतात, म्हणून अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरका. एका कोनात सोनेरी चमक उमटते. फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा, काचेवर त्याचाच पांढरा डाग पडतो. अंगात गडद कपडे असावेत, कारण पांढरा शर्टही काचेत उमटतो.