पहिल्या दिवशी काडतूस नाही

मी नवशिक्यांना पिस्तूल शिकवते. माझ्याकडे पहिल्या दिवशी टेबलावर एकही खरं काडतूस नसतं. काहीजण हिरमुसतात, पण मी बधत नाही. आधी हातातलं हत्यार रिकामं करता आलं पाहिजे, नेम त्यानंतर.

रिकामं करण्याचा क्रम ठरलेला आहे. नळी टार्गेटकडे. बोट चापावर नाही, वर फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला, सरळ टेकवलेलं. मग मॅगझीन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढून बाजूला ठेवा. आता स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पूर्ण मागे ओढून अडकवा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपून बघा. नजर दुसरीकडे वळवा आणि पुन्हा एकदा बघा, कारण डोळ्यांना जे हवं असतं तेच पहिल्या वेळी दिसतं.

हा क्रम उलटा झाला की घात होतो. आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस आत ढकलते. मग तुम्ही मॅगझीन काढता. एक काडतूस बाहेर पडलेलं दिसतं, मॅगझीन हातात असतं, आणि पिस्तूल मात्र भरलेलं असतं. एका विद्यार्थ्याने वर्गात डमी काडतुसांवर हेच केलं. याआधी तो बराच नेमबाजी करून आलेला होता. "रिकामं आहे, मॅडम," असं म्हणत त्याने पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. मी नळी भिंतीकडे ठेवून स्लाइड ओढली. डमी टेबलावर टणकन पडलं आणि घरंगळत त्याच्या मनगटाला जाऊन लागलं. त्याने ते उचललं नाही, नुसता बघत राहिला. तेव्हापासून तो प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणतो, "मॅगझीन, चेंबर, डोळा, बोट." आता सगळ्या वर्गाला मी तसंच म्हणायला लावते.

जेफ कूपर या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने 1976 मध्ये ॲरिझोनात नागरिकांसाठी शस्त्रप्रशिक्षणाची शाळा काढली. त्याने रूढ केलेले चार नियम आज जगभर शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा. जे नष्ट करायचं नाही, त्यावर नळी जाऊ देऊ नका. नेम धरून होईपर्यंत बोट चापाबाहेर. टार्गेट काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असू द्या.

यातला तिसरा नियम सर्वात जास्त मोडला जातो, तोही भल्या माणसांकडून. कारण शरीरातच आहे. दोन्ही हात पुढे करा, उजव्या हाताची तर्जनी मोकळी सोडा आणि डाव्या हाताची मूठ झटक्यात जोरात आवळा. उजवं बोटही नकळत आक्रसतं, हो ना? माणूस ठेचकाळला, दचकला किंवा तोल सावरायला दुसऱ्या हाताने काही पकडलं, की हेच होतं. बोट फ्रेमवर असेल तर काही बिघडत नाही. चौथ्या नियमाबद्दल एवढंच सांगते की .22 (इंच जाडीची) छोटीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. घराच्या पातळ भिंतीचं तर नावच नको.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर नळी टार्गेटकडे धरून किमान 30 सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. याहून धोक्याचा असतो तो नेहमीपेक्षा मिळमिळीत आवाज. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि वर दुसरी झाडली तर नळी फुटते. तिथेच थांबा, हत्यार रिकामं करा, प्रशिक्षकाला हाक मारा.

कानात इअरप्लग आणि वरून मफ, म्हणजे पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्या, दोन्ही लावा. बंदुकीचा आवाज साधारण 140 डेसिबल किंवा त्याहून वर जातो आणि एका बारानेही कायमचं ऐकू कमी येऊ शकतं. रेंजवरून निघताना हात-तोंड साबणाने आणि थंड पाण्याने धुवा, शिशाची धूळ असते. त्याआधी खाणंपिणं नाही.

घरी हत्यार कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्यापाशी. कपड्यांच्या घडीखाली ठेवणं म्हणजे लपवणं, आणि लपवलेलं मुलांना हमखास सापडतं. मुलांना शिकवा: कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. घरातलं कुणी खचलेलं असेल, जगण्यात रस उरला नाही असं बोलत असेल, तर हत्यार त्या काळात कायद्याने चालेल अशा ठिकाणी घराबाहेर ठेवा आणि त्या माणसाजवळ बसा. यात संकोच करू नका.

आणि रोजची तयारी? हत्यार असो वा नसो, धोका दिसला की पहिला उपाय म्हणजे तिथून निघणं. नवीन जागी शिरताना मी बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेवते. खिशात छोटा टॉर्च असतो, फोन चार्ज केलेला असतो. पण पिशवीतली ज्या एका वस्तूवर माझा सर्वात जास्त भरवसा आहे, ती म्हणजे टूर्निकेट: हातापायाला आवळायचा रुंद पट्टा आणि तो पिळायची दांडी.

माझ्या भाच्याचा हात काचेच्या दारातून आरपार गेला. रक्त ओघळत नव्हतं, ठोक्याठोक्याला उडत होतं. असं रक्त वाहू लागलं तर पाच मिनिटांतही जीव जाऊ शकतो. बहिणीला मदतीसाठी फोन लावायला सांगितला. जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, चार बोटं सोडून पट्टा बांधला (कोपरावर किंवा गुडघ्यावर कधी बांधायचा नाही), जमेल तेवढा घट्ट ओढला आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळली. तो कळवळून ओरडत होता, "मावशी, सैल कर गं!" दुखतंच. दुखतं म्हणून सैल करायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. दांडी खाचेत अडकवली आणि मार्करने पट्ट्यावर वेळ लिहिली, 7:40. मान, काख, जांघ अशा जागी पट्टा चालत नाही. काखेत आणि जांघेत स्वच्छ कापड जखमेत ठासून दोन्ही हातांनी दाबून धरायचं, मानेवर श्वास कोंडणार नाही असं नेमकं जखमेवरच दाबायचं, आणि उचलून बघायचं नाही.

रुग्णालयात पहिला प्रश्न आला, "कधी बांधलं?" बहिणीला बोलवत नव्हतं. तिने पट्ट्याकडे बोट दाखवलं.

एकदा वापरलेला पट्टा पुन्हा जिवावरच्या कामाला वापरायचा नसतो. दुसऱ्याच दिवशी मी नवीन घेतला. त्याचं वेष्टन काढलं आणि घाईत एका हाताने ओढता येईल अशी घडी घालून तो पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. सरावासाठी वेगळा आहे, त्यावर मोठ्या अक्षरात 'सराव' लिहिलंय. वर्गात सगळे तो स्वतःच्याच हातावर बांधतात, आधी उजव्या हाताने, मग डाव्या, मग दिवे बंद करून.