सायकलचे आणि कॅम्पिंगचे नवे सामान घरपोच आल्यावर या चुका टाळा

सायकलवरून मुक्कामी भटकंती नव्याने सुरू केलेल्या मंडळींचे फोन मला बहुधा एकाच वेळी येतात, ती वेळ म्हणजे निघण्याची आदली रात्र. कॅरिअरचा बोल्ट बसत नाही, ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून जात नाही किंवा स्टोव्ह गॅसच्या डब्यावर फिरत नाही, अशी तक्रार असते आणि थोडी चौकशी केली की हे सामान तीन आठवड्यांपासून खोक्यातच पडून असल्याचे कळते. हीच माणसे खरेदीपूर्वी महिनाभर परीक्षणे वाचत बसलेली असतात आणि वजनाचा ग्रॅमपर्यंत हिशेब करतात. पण पार्सल आले की वस्तू वरवर न्याहाळतात, फोटो काढतात आणि पुन्हा खोक्यात ठेवून देतात.

तंबू घरी न उभारता नेणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. मी दोन माणसांचा तंबू मागवला होता. पिशवीवरची चिठ्ठी बरोबर होती आणि रंगही मागवलेलाच होता, म्हणून नाडी सैल करून आतले कापड बोटांनी चाचपले आणि तेवढ्यावर समाधान मानून पिशवी कपाटात टाकली. पुढे एका तळ्याकाठी, दिवसभर सायकल चालवून दमल्यावर आणि वारा सुटलेला असताना, मी तो पहिल्यांदा अंथरला. दांड्याचे एक टोक कोपऱ्यातल्या कडीत बसले. दुसरे मात्र समोरच्या कडीच्या वीतभर अलीकडेच थांबले. कापड आडवे अंथरले असेल असे वाटून ते फिरवले, मग एखादी कांडी पूर्ण आत गेली नसेल म्हणून प्रत्येक जोड दाबून पाहिला. हे सगळे तीनदा झाल्यावर, तोंडात टॉर्च धरून दांड्यावरचा बारीक छापील मजकूर वाचला, तेव्हा उलगडा झाला की पिशवीत भरलेले दांडे त्याच तंबूच्या एकट्यासाठी असलेल्या लहान मापाचे होते.

ती रात्र मी बाहेरचे आवरण एका बाजूला झाडाला आणि दुसऱ्या बाजूला उलट्या ठेवलेल्या सायकलच्या चाकाला बांधून काढली. दोनच्या सुमारास पाऊस आला, कापडाला झोळ पडून त्यात पाणी साचू लागले आणि पहाटेपर्यंत मी ते आतून हाताने वर ढकलून सांडत बसलो. परतल्यावर विक्रेत्याला लिहिले, तर अतिशय सौजन्यपूर्ण उत्तर आले की तक्रारीची मुदत ३० दिवसांची असते. माझे पार्सल घरी येऊन ४२ दिवस झाले होते. सामान भरताना चूक त्यांची झाली होती यात शंका नाही, पण ती पकडण्याचे दिवस मी कपाटात कोंडून ठेवले होते.

तेव्हापासून पार्सल आले की खोक्यावर मार्करने दोन तारखा लिहितो, एक ते आल्याची आणि दुसरी परत करण्याच्या शेवटच्या दिवसाची. तंबू दोन दिवसांच्या आत उभा करतो. मोकळी जागा नसेल तर खुर्च्या-टेबले बाजूला सारून खोलीतच निदान आतला भाग दांड्यांवर उभा करून पाहतो. खुंट्या मोजतो, दोऱ्या मोजतो, सर्व चेन दोन्ही टोकांपर्यंत ओढून पाहतो. दांडा कापडाच्या नळीतून ओढायचा नसतो, ढकलायचा असतो. ओढला की आतले इलॅस्टिक ताणते आणि कांड्या नळीतच सुटतात. शक्य असेल तेथे बाहेरचे आवरण चढवून पाण्याच्या नळीने दहा मिनिटे भिजवतो आणि शिवणी आतून हाताने तपासतो. शिवण पाझरत असेल तर कापडावरचा लेप कोणता आहे हे पाहूनच सीलर (शिवण बुजवणारे द्रव्य) आणावा, कारण सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचाच सीलर धरतो, इतर सीलर काही दिवसांत पापुद्र्यासारखा सुटून येतो. या परीक्षेनंतर तंबू पूर्ण वाळवावा. ओला घडी केलेला नवा तंबू बुरशीच्या वासाने जुना होतो आणि तो वास सहसा जात नाही.

डावे पॅडल

दुसरी चूक माझी नाही, पण तिच्यामुळे झालेले नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या बोल्टप्रमाणे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यास ते घट्ट होत नाही, सुटते. ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण पॅडल मारताना आसावर येणाऱ्या भाराची दिशा प्रत्येक वेढ्याला फिरत राहते आणि त्यामुळे डाव्या बाजूचे सरळ आटे हळूहळू सुटत जातात. पॅडलवर ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतात, पण ती आसाच्या टोकावर किंवा पान्याच्या खाचेजवळ इतकी बारीक कोरलेली असतात की घाईत ती कोणी वाचत नाही.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने नवी पॅडल आल्या संध्याकाळीच बसवायला घेतली. उजवे बसले, डावे अडले. त्याने लांब दांड्याचा पाना आणला, त्यावर शरीराचा भार टाकला आणि “थोडे घट्ट जाते आहे, पण जाते आहे,” असे मला फोनवर सांगितले. मी पोहोचलो तेव्हा फरशीवर ॲल्युमिनियमची चकचकीत, केसासारखी वेटोळी पडलेली होती. पॅडलचा आस पोलादाचा आणि क्रँक, म्हणजे पॅडल जिच्यात बसते ती दांडी, ॲल्युमिनियमची. अशा झटापटीत पोलाद जिंकते. पॅडल शाबूत राहिले, क्रँक मात्र नवी घ्यावी लागली. लांब पाना हाती आला की नवशिक्यांना बोटांचा विसर पडतो, असे माझे निरीक्षण आहे. कोणतेही पॅडल आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन वेढे केवळ बोटांनी फिरवावे आणि तसे फिरत नसेल तर तेथेच थांबावे. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे, पाना क्रँकच्या वरच्या बाजूस धरला तर दोन्ही पॅडल सायकलच्या पुढच्या दिशेने घट्ट होतात.

मापांचा घोळ

टायर आणि ट्यूब मागवताना ‘२६ इंची’ एवढेच लिहिणारे हमखास फसतात, कारण या एकाच नावाखाली ५५९, ५७१ आणि ५९० मिलिमीटर अशी रिमची वेगवेगळी मापे विकली जातात. जुन्या टायरच्या कडेवर ‘४७-६२२’ अशासारखा आकडा असतो, त्यातला दुसरा आकडा, म्हणजे रिमचे माप, जुळला पाहिजे. ‘७००’ आणि ‘२९ इंची’ ही दोन्ही नावे मात्र ६२२ चीच आहेत. व्हॉल्व्ह मुख्यतः दोन जाडींचे असतात. जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जात नाही, हे तरी लगेच समजते. बारीक व्हॉल्व्ह जाड भोकात हलत राहतो आणि मुळाशी ट्यूब कापली जाते, ते मात्र वाटेत समजते.

कॅरिअर आले की फ्रेमवर त्यासाठी आट्यांची भोके आहेत का, आणि डिस्क ब्रेक त्याच्या आड येतो का, हे त्याच दिवशी पाहावे. नंतर पिशव्या पूर्ण भरून लावाव्यात आणि पॅडल मारून टाच पिशवीला लागते का ते तपासावे. रिकाम्या पिशवीने केलेली ही चाचणी खोटी ठरते. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर मी सगळे बोल्ट पुन्हा आवळतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

खोक्यात कटर खोल खुपसू नये. नव्या स्लीपिंग बॅगला सुरीने पडलेले भोक कोणी बदलून देत नाही. पेटीतून आलेल्या सायकलचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) वाहतुकीसाठी अनेकदा मागे वळवलेला असतो, तो तसाच ठेवून हँडल आवळू नये. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क ब्रेकच्या पॅडमधला प्लॅस्टिकचा तुकडा काढून चाक न बसवता लिव्हर दाबू नये. फुगलेली किंवा चेपलेली पॉवर बँक चार्ज करून पाहू नये, सरळ परत करावी. स्टोव्ह पहिल्यांदा उघड्यावर पेटवावा. तंबूत किंवा बंद खोलीत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि या वायूला वास नसतो. गॅसचा डबा प्रवासी विमानात नेता येत नाही, त्यामुळे दूरच्या सहलीसाठी तो घरी मागवून ठेवण्यात अर्थ नाही.

स्लीपिंग बॅगवर सहसा एकापेक्षा अधिक तापमाने छापलेली असतात आणि उतावीळ माणूस त्यातले सर्वांत कमी तेवढे वाचतो. ते जीव वाचण्यापुरते असते, झोप लागण्याचे नव्हे. ‘कम्फर्ट’ म्हणून दिलेला आकडा पाहावा. बॅग आली की दाबून भरलेल्या पिशवीतून लगेच बाहेर काढावी आणि घरी सैल, मोठ्या कापडी पिशवीत ठेवावी, कारण महिनोन्महिने दाबलेले भरण पुन्हा पुरते फुगत नाही. आपोआप फुगणारी मॅटही व्हॉल्व्ह उघडा ठेवून रात्रभर पसरावी. मग तोंडाने हवा भरून तिच्यावर एक रात्र घरीच झोपावे. गळती असेल तर पहाटे पाठीला फरशी लागते. खोके मी पहिल्या मुक्कामाहून परत येईपर्यंत टाकत नाही.