गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडताय? या चुका टाळा

मे संपत आला की फोन सुरू होतात, "पाऊस पडायच्या आत पाइप बोअरला जोडून द्या." पाऊस आपल्या आपण मुरतो तेव्हा माती, मुरूम आणि मग खडकातल्या भेगा अशा वाटेने गाळून खाली जातो. बोअर ही वाट वगळून पाणी थेट भेगांपाशी नेतं. म्हणजे मातीचं काम तुमच्या गळ्यात पडलं, आणि तेच कुणाला करायचं नसतं.

पाइप सरळ केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या नळीत, घालणं ही सगळ्यात महागडी चूक. पुण्यातल्या एका सोसायटीत प्लंबरने हे काम अर्ध्या दिवसात उरकलं. गच्चीवर वर्षभराची कबुतरांची घाण, टाकीमागे कुजलेला पाला. पहिल्याच वळवाला सगळं बोअरमध्ये. नळाला गढूळ, वास मारणारं पाणी. मग टँकर, बोअर हवेच्या दाबाने साफ करणारा कॉम्प्रेसरवाला आणि कमिटीची भांडणं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते भेगांत. या भेगा गाळाने बुजल्या की पैसे ओतूनही नीट मोकळ्या होत नाहीत. मी पाइपला बाहेर सोडणारा वेगळा वॉल्व्ह लावल्याशिवाय काम घेत नाही. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी गटारात. "एवढं पाणी वाया?" असं विचारणाऱ्यांनी हिशेब करावा : 100 चौरस मीटर गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 70 हजार लिटर. दोन-तीन सरींनी काय बिघडतं?

दुसरी चूक गवंड्याची. पाणी गाळून आत जावं म्हणून केसिंगभोवती खड्डा घेतात आणि खड्ड्यातल्या केसिंगला भोकं पाडतात. खड्ड्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळू. तो वाळू आधी ओततो, कारण ट्रॉलीतून ती आधी उतरलेली असते. मग वाळू केसिंगच्या भोकांतून आत जाते आणि पंप खाते. भोकांवर नायलॉनची जाळी दुपदरी गुंडाळा आणि थर भरताना तिथून हलू नका.

पार्किंगचं पाणी बोअरला कधीच नाही. त्यात ऑइल असतं. सेप्टिक टँकच्या शेजारी खड्डा नको. वरची वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवायची.

आणि पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी "पाणी वाढलं नाही" म्हणून फोन करू नका. भेगा तुमच्या कुंपणापाशी संपत नाहीत, थोडं शेजारीही जाणारच. पातळी मे अखेरीस आणि दिवाळीनंतर मोजा, पंप रात्रभर बंद ठेवून. मोजायला बोअरमध्ये दोरी सोडाल तिला वजन बारीक बांधा, नाहीतर ती पंपाच्या केबलला अडकते.